‘प्राथमिक निवड’ झालेली मुले सहा महिन्यांनी कुठे असतात?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नागपुरात रोजगार मेळावा झाला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत तीन आकडे हमखास छापून येतात: किती आस्थापना आल्या, किती उमेदवारांनी नोंदणी केली आणि किती जणांची ‘प्राथमिक निवड’ झाली. सोबत पाहुण्यांच्या हस्ते नियुक्तिपत्र स्वीकारणाऱ्या दोन-तीन मुलामुलींचे छायाचित्र असते. मेळावा ही बातमी आहेच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती मागून न येणाऱ्या चौथ्या आकड्याबद्दल. निवड झालेल्यांपैकी सहा महिन्यांनंतर किती जण कामावर होते, आणि मेळाव्याकडे न फिरकता ओळखीपाळखीने काम शोधणाऱ्या, त्याच वयाच्या व त्याच शिक्षणाच्या मुलांपेक्षा हे प्रमाण खरोखर जास्त होते का, एवढाच माझा प्रश्न आहे. रोजगार साहाय्य आणि करिअर मार्गदर्शन यांवर होणारा खर्च कशाने सार्थकी लागतो, हे या प्रश्नाच्या उत्तरावाचून कळू शकत नाही.

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मला मिळाला आहे तो स्वतःच्या चुकीतून. आयटीआयमध्ये मी फिटर ट्रेडचा निदेशक होतो आणि निवृत्तीपूर्वीची शेवटची काही वर्षे प्लेसमेंटचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे होता. नियुक्तिपत्राची झेरॉक्स हाती आली की नोंदवहीतील ‘नोकरीस लागले’ या रकान्यात मी खूण करीत असे. वर्षाअखेरीस त्या खुणा मोजून वर पाठवल्या जात, आणि आकडा चांगला भरला की मलाही बरे वाटे. एकदा दिवाळीनंतर उमरेडकडचा एक मुलगा सीताबर्डीवर भेटला. चाकणच्या एका कारखान्यात त्याची निवड झाल्याची खूण मी त्याच वर्षी जुलैत केली होती. तो चाळीस दिवसांत परत आला होता. ‘सर, खोली अन् मेस मिळून सात हजार जाते, घरी काय पाठवू?’ एवढेच तो म्हणाला. कामात तो कच्चा मुळीच नव्हता. मायक्रोमीटर त्याच्याइतका अचूक वाचणारा त्या तुकडीत दुसरा कोणी नव्हता. माझ्या त्या नोंदवहीत मात्र तो आजही नोकरीस लागलेला आहे.

त्या भेटीनंतर मी एक दोनशे पानी वही घेतली आणि जुन्या विद्यार्थ्यांना फोन करू लागलो, निवडीनंतर एक महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने. याला संशोधन म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण नोकऱ्या सुटण्याची जी कारणे त्या वहीत जमली, त्यांपैकी फारच थोडी कौशल्याशी संबंधित होती. कामठीच्या एका मुलीचे उदाहरण देतो. इलेक्ट्रिशियन ट्रेड उत्तम गुणांनी पूर्ण केल्यावर तिला बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत काम मिळाले. पाळी सकाळी सहाची, आणि कंपनीची बस पहाटे पाचला सीताबर्डीहून सुटणारी. कामठीहून त्या वेळेला सीताबर्डीस पोहोचण्याचे एकच साधन होते, वडिलांची स्कूटर. आठ दिवस वडिलांनी तिला सोडले, नवव्या दिवशी ते तापाने झोपले आणि नोकरी संपली. पुढे तिने घराजवळ मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कमी पगारावर काम धरले आणि तीन वर्षांनीही ती तिथेच टिकून होती. सरकारी हिशेबात पहिली नोकरी यशस्वी ठरली. दुसरीची नोंद करायला रकानाच नव्हता. पहाटे कसे जाणार, हा प्रश्न निवडीपूर्वी तिला कोणी विचारला नव्हता, आणि तो विचारण्याचे काम माझे होते.

पुढे वाचनात आले की या अज्ञानात मी एकटा नव्हतो. नोबेल पारितोषिक विजेते अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांचे सहसंशोधक गौरव चिपळूणकर यांनी भारतातील व्यवसाय प्रशिक्षणार्थींवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की, मुलांना कोणत्या प्रकारची नोकरी हवी आहे याची फारच थोडी माहिती प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडे असते. त्यांनी उमेदवारांची खरी पसंती काढून घेतली आणि काही अधिकाऱ्यांच्या हाती ती यादी दिली. नवे प्रशिक्षण नाही, नवी इमारत नाही, केवळ एक यादी. त्यामुळे कोणाला कोणत्या मुलाखतीस पाठवायचे याची निवड सुधारली आणि तिचा लाभ सहा महिन्यांपर्यंत दिसून आला. माझ्या मते आपल्या जिल्ह्याने सर्वांत आधी उचलावी अशी हीच गोष्ट आहे, कारण तिला एका पानाचा अर्ज आणि दहा मिनिटांचे संभाषण यापलीकडे काही लागत नाही.

उपाय लागू पडला की नाही हे कसे ओळखायचे, याचे उत्तर नागपूरकरांनी तरी बाहेर शोधायला नको. कापसाची आणि लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था, दोन्ही आपल्या शहरात आहेत. नव्या वाणाच्या शेजारी जुन्या वाणाचा तुकडा लावल्याशिवाय आणि कोणत्या तुकड्यात काय पेरायचे हे चिठ्ठ्यांसारख्या पद्धतीने ठरवल्याशिवाय नव्या वाणाची शिफारस करता येत नाही, हे तिथल्या कोणाही शास्त्रज्ञाला ठाऊक असते. नुसते पीक चांगले आले म्हणून भागत नाही. त्या वर्षी पाऊसच चांगला झालेला असू शकतो. ही पद्धत 1920च्या दशकात इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी बसवून दिली आणि नंतर ती औषधांच्या चाचण्यांपर्यंत पोहोचली. पऱ्हाटीच्या वाणाला आपण ही कसोटी लावतो, पण ज्या योजनांवर मुलांची उमेदीची वर्षे जातात त्यांना लावत नाही. मेळाव्याला जी मुले स्वतःहून येतात ती मुळातच धडपडी असतात. मेळावा नसता तरी त्यांच्यातील पुष्कळांना काम मिळाले असते. ते श्रेय मेळाव्याच्या खात्यावर जमा करणे म्हणजे पावसाचे श्रेय बियाण्याला देणे होय.

अशी कसोटी जिथे लावली गेली, तिथले निष्कर्ष उत्साहावर थोडे पाणी टाकणारे आहेत. जागतिक बँकेतील अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी 2017 मध्ये विकसनशील देशांतील अशा प्रयोगांचा आढावा घेतला. त्यात दिसले की शंभर जणांना व्यवसाय प्रशिक्षण देऊ केल्यास, केवळ त्या प्रशिक्षणामुळे नोकरीस लागणाऱ्यांची संख्या सरासरी दोन-तीननेच वाढते. तुर्कस्तानच्या सरकारी रोजगार संस्थेने जागांपेक्षा अर्ज जास्त आलेल्या अभ्यासक्रमांत सोडतीने प्रवेश दिले आणि सुमारे 5,900 अर्जदारांचा माग ठेवला. प्रशिक्षणाचा परिणाम थोडाच होता आणि तीन वर्षांत तोही विरून गेला. एवढ्या लांबवर माग कसा ठेवला, तर सामाजिक सुरक्षा खात्याच्या नोंदींवरून. आपल्याकडे भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात ही सोय आजही आहे. उमेदवाराची संमती घेऊन त्याच्या खात्यात सहाव्या महिन्याची वर्गणी जमा झाली का, एवढे पाहिले तरी निम्मे उत्तर मिळेल. वीसपेक्षा कमी कामगारांच्या दुकानांत ही नोंद सहसा नसते, म्हणून उरलेल्या निम्म्यासाठी फोन करावे लागतील.

मात्र ‘प्रशिक्षण निरुपयोगी’ असा अर्थ यातून कोणी काढू नये. कार्ड, क्लूव्ह आणि वेबर या तिघा अर्थतज्ज्ञांनी 2018 मध्ये रोजगार कार्यक्रमांवरील दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले. कार्यक्रम संपल्यावर लगेच मोजले तर परिणाम सरासरी शून्याच्या आसपास होता, दोन-तीन वर्षांनी मोजले तर तो वाढलेला होता. कौशल्य वाढवणाऱ्या कार्यक्रमांत ही वाढ अधिक होती आणि स्त्रियांना व दीर्घकाळ बेरोजगार असलेल्यांना त्याचा लाभ जास्त झाला. दिल्लीच्या गरीब वस्त्यांतील स्त्रियांना सहा महिने शिवणकाम शिकवण्याच्या प्रयोगातही रोजगार आणि कमाई दोन्ही वाढल्याचे आढळले. म्हणजे मेळाव्याच्या संध्याकाळी मोजणे ही नुसती घाई ठरत नाही, तर त्या मोजणीने चांगला कार्यक्रम वाईट आणि वाईट कार्यक्रम चांगला दिसू शकतो.

प्रवासखर्चाबाबत माझे स्वतःचे मत या वाचनाने काहीसे डळमळले, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. कामठीच्या मुलीच्या अनुभवावरून मी ठाम धरून बसलो होतो की गाडीभाडे दिले की प्रश्न सुटतो. इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा येथे तरुणांच्या एका गटाला काम शोधण्यासाठी बसभाडे दिले गेले, तर दुसऱ्या गटाची छोटी कार्यशाळा घेतली, जिच्यात अर्ज कसा लिहावा, मुलाखत कशी द्यावी हे शिकवून त्यांच्या क्षमतांची चाचणी घेऊन प्रमाणपत्रही दिले. सुरुवातीला दोन्ही गटांना बरी नोकरी मिळण्यास मदत झाली. चार वर्षांनी पाहिले तेव्हा बसभाड्याचा परिणाम उरला नव्हता, कार्यशाळा केलेल्यांची कमाई मात्र इतरांपेक्षा ठळकपणे जास्त होती. तरीही तिथले उत्तर इथे जसेच्या तसे लागू होईल असे मला वाटत नाही. तिथे भाडे काम शोधण्यासाठी दिले होते. आपल्याकडे अडचण काम मिळाल्यानंतरच्या रोजच्या पहाटेची आहे. मेट्रोची एक मार्गिका हिंगणा एमआयडीसीच्या तोंडाशी लोकमान्यनगरला आणि दुसरी मिहानजवळ खापरीला पोहोचली आहे. पहिल्या तीन महिन्यांचा मेट्रोपास आणि स्थानकापासून कारखान्यापर्यंतची गाडी निम्म्या नवनियुक्तांना सोडतीने देऊन पाहावी आणि सहाव्या महिन्यात दोन्ही निम्मे मोजावेत. माझे चुकले असेल तर तेही कळेल.

राज्य शासनाच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही अशीच संधी दडलेली आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत बारावी उत्तीर्ण उमेदवारास दरमहा 6,000, आयटीआय वा पदविकाधारकास 8,000 आणि पदवीधरास 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. उमेदवार शासकीय कार्यालयांतही गेले आणि खासगी आस्थापनांतही. वर उल्लेखिलेल्या 2018च्या आढाव्यात सरकारी क्षेत्रात तात्पुरते काम देणाऱ्या कार्यक्रमांचा पुढील रोजगारावर परिणाम नगण्य, क्वचित उलटाही दिसला आहे. आपल्याकडे तसेच होते की कसे, हे सांगता येण्याइतकी माहिती या दोन प्रकारच्या प्रशिक्षणार्थींकडे आज आहे. विद्यावेतन बंद झाल्यानंतर सहा महिन्यांनी कोण कुठे आहे, एवढे त्यांना विचारायचे आहे.

मनोरुग्ण व्यक्तींच्या पुनर्वसनाबाबतचा पुरावा त्या मानाने पुष्कळ भक्कम आहे. ‘आधी शिकवा, सराव करून घ्या, मग नोकरीचे पाहू’ ही जुनी रीत उलटी करून ‘आधी खरी नोकरी, मग नोकरीवर असतानाच आधार’ असा प्रघात अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमध्ये 1990च्या सुमारास पडला. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहा युरोपीय केंद्रांतील 312 जणांच्या चाचणीत या पद्धतीने 55 टक्के लोक कामाला लागले, तर नेहमीच्या पुनर्वसन सेवेतून 28 टक्के. तिथेही किमान एक दिवस काम केले तरी तो यशस्वी धरला होता, ही मेख लक्षात ठेवावी लागते. आपल्या ‘प्राथमिक निवडी’ची ती दूरची बहीणच म्हणायची. तरी आपल्या शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि तिथून बरे होऊन बाहेर पडणाऱ्यांसाठी ही पद्धत निदान आजमावून पाहण्याजोगी आहे.

आता करिअर मार्गदर्शनाविषयी. मार्गदर्शन म्हणजे आपल्याकडे सभागृह, सत्कार आणि यशस्वी उमेदवाराचे भाषण. ज्याची निवड झाली तो मंचावर असतो. त्याच अभ्यासिकेत, त्याच टेबलावर, तितकीच वर्षे बसून ज्यांची निवड झाली नाही ते प्रेक्षकांतही नसतात. अशा भाषणातून मिळणारी माहिती कितीही प्रामाणिक असली तरी अर्धीच असते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांशी बोलताना माझ्या लक्षात आले आहे की काय व्हावे हे त्यांना सांगणारे पुष्कळ भेटतात, पण कोणत्या प्रयत्नानंतर थांबावे आणि थांबल्यावर हातात काय असावे, याविषयी त्यांच्याशी बसून बोलणारा कोणी नसतो. इंग्लंडमध्ये 2014 साली सर जॉन हॉलमन यांनी शाळांतील चांगल्या मार्गदर्शनाचे आठ निकष मांडले, त्यांत मुलांनी नोकरी देणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटणे, कामाची जागा प्रत्यक्ष पाहणे आणि प्रत्येकाशी वैयक्तिक बोलणे यांना स्वतंत्र स्थान आहे. भाषणाला स्वतंत्र स्थान नाही.

याच संदर्भात एक दुर्लक्षित खजिना शिक्षण खात्याच्या नजरेस आणून द्यावासा वाटतो. आपल्या राज्यात 2016 मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेण्यास सुरुवात झाली आणि लाखो मुलांना आपला कल कोणत्या क्षेत्राकडे आहे याचा अहवाल हाती मिळाला. त्या पहिल्या वर्षाची मुले आता पंचविशीत आहेत. ज्यांनी कलानुसार शाखा निवडली आणि ज्यांनी घरच्यांच्या आग्रहाने वा गुणांच्या हिशेबाने दुसरीच निवडली, त्यांच्यापैकी कोण आज काय करते आहे? एका जिल्ह्यातील दोन हजार मुलांना जरी हे विचारले, तरी कलचाचणीला काही अर्थ होता की तो एक सोपस्कार होता, याचा अंदाज येईल. अशी माहिती नव्याने उभी करायची म्हटली तर दहा वर्षे लागतील.

एक आक्षेप ठाऊक आहे: ‘सोडतीने कोणाला सोय द्यायची, कोणाला नाही, हा मुलांच्या आयुष्याशी खेळ नाही का?’ जागा सर्वांना पुरत असतील तर सोडत काढूच नये. पण जिथे जागा शंभर आणि अर्ज चारशे असतात, तिथे आज ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या नावाखाली ज्याचा मोबाइल चांगला आणि ज्याची ओळख चांगली त्याला जागा मिळते. शिक्षणहक्क कायद्याखालील 25 टक्के प्रवेश आणि म्हाडाची घरे सोडतीने दिलेली आपल्याला चालतात. त्याहून ही सोडत अन्यायाची कशी? दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. फ्रान्समध्ये 235 रोजगार केंद्रांच्या क्षेत्रांत सुशिक्षित बेरोजगार तरुणांना नोकरी शोधण्यास मदत केली गेली. मदत मिळालेल्यांना लवकर नोकऱ्या लागल्या, पण त्यांतील काही मदत न मिळालेल्यांच्या वाट्याच्या होत्या, विशेषतः जिथे नोकऱ्याच कमी होत्या तिथे. थोडक्यात, ती संगीत खुर्ची होती. विदर्भाला हे नवे नाही. 1877 मध्ये सुरू झालेली नागपूरची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी 2002 मध्ये कायमची बंद झाली, तेव्हा कामगारांना मुलाखतीची तयारी करून देऊन काही साधले नसते. खुर्च्या वाढवण्याचे काम उद्योगधोरणाचे आहे आणि मार्गदर्शन केंद्रावर त्याचे ओझे टाकू नये. मात्र ज्या खुर्च्या आहेत, त्यांवर बसलेला मुलगा नवव्या दिवशी पहाटे उठून का जातो, हे पाहणे केंद्राचेच काम आहे.

म्हणून माझी विनंती जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राला आहे आणि ती फार मोठी नाही. पुढच्या मेळाव्याच्या नोंदणी अर्जात चार प्रश्न वाढवावेत: किमान किती पगारावर घर सोडून राहता येईल, कोणती पाळी जमेल, कामावर कसे जाणार, आणि घरी अवलंबून कोण आहे. निवड झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या उमेदवारांना एक, सहा आणि बारा महिन्यांनी फोन करावेत. शहरातील समाजकार्य महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावेच लागते; हे फोन त्यातच बसू शकतील. फोन कोणी उचलला नाही तर ‘संपर्क झाला नाही’ असे लिहावे, ‘कार्यरत’ असे लिहू नये. हा मोह किती मोठा असतो हे मी स्वानुभवाने सांगतो. आणि जे आकडे येतील ते, लाजिरवाणे असले तरी, तालुकावार जाहीर करावेत.

आपल्याकडेही एक मागणे आहे. मेळाव्याची बातमी छापताना आपल्या वार्ताहराने सहा महिन्यांनंतरची तारीख दैनंदिनीत लिहून ठेवावी आणि त्या दिवशी छायाचित्रातील त्या दोन-तीन मुलामुलींना शोधून काढावे. माझी वही, तिच्यातील नावे व क्रमांक झाकून, केंद्राला अथवा एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला पाहायला देण्यास मी तयार आहे. तिची शेवटची काही पाने कोरी आहेत, कारण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभर माझ्याकडून फोन झाले नाहीत. उमरेडकडच्या त्या मुलाचा सहा महिन्यांचा फोनही त्यातच राहून गेला होता. गेल्या आठवड्यात तो लावला. तो आता गावाजवळ ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम करतो आणि हाताखाली एक मुलगा ठेवला आहे, असे म्हणाला. त्या मुलाने आयटीआय केले आहे का, हे विचारायचे मात्र मी विसरलो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
नागपूर